खिशातला संगणक निवडताना: आकार आणि सोय यांचा ताळेबंद

संगणकाचे बहुतेक सर्व घटक गेल्या चार दशकांत लहान होत आले आणि प्रोसेसर, स्मृती व साठवण ही नखाएवढ्या जागेत मावू लागली. परंतु तो वापरणाऱ्या माणसाची बोटे, तळवे आणि नजर यांची मापे जशीच्या तशी राहिली. अतिसुवाह्य छोट्या संगणकांबाबत खरेदीदारापुढे उभे राहणारे जवळजवळ सगळे पेच या एका विसंगतीतून निर्माण होतात. येथे ‘अतिसुवाह्य’ हा शब्द ज्यांचे वजन साधारण एक किलोग्रॅमच्या आत आहे, पडदा सहा ते बारा इंचांदरम्यान आहे आणि ज्यांवर मेजावरच्या संगणकाचीच कार्यप्रणाली चालते अशा यंत्रांसाठी वापरला आहे. अशा यंत्राची निवड त्याच्या वजनापासून सुरू केली तर ती बहुधा चुकते. हातापासून आणि डोळ्यापासून सुरू केली तर बरोबर येण्याची शक्यता वाढते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हाताचे माप

पूर्ण आकाराच्या कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. या अंतराला ‘कळांतर’ म्हणता येईल. प्रौढ माणसाची बोटे शेजारची कळ न दाबता, न बघता आणि तासन्‌तास चालू शकतील असे हे अंतर असून टंकलेखन यंत्राच्या काळापासून हात त्यालाच सरावले आहेत. इंग्रजी कळफलकावरील क्यू ते पी ही दहा अक्षरे या हिशेबाने १९० मिलिमीटर जागा घेतात, आणि दोन्ही बाजूंच्या विरामचिन्हांच्या, शिफ्टच्या व एंटरच्या कळा धरल्या तर संपूर्ण मुख्य भाग सुमारे २८५ मिलिमीटर रुंद होतो. जीपीडी या चिनी कंपनीचा २०१७ साली आलेला सात इंची ‘पॉकेट’ हा संगणक जेमतेम १८० मिलिमीटर रुंद होता. म्हणजे त्यावर पूर्ण कळांतराची नुसती दहा अक्षरेही बसू शकत नव्हती. ही त्या यंत्राच्या रचनेतील उणीव नसून साधी भूमिती आहे, आणि कोणत्याही निर्मात्याला ती टाळता येत नाही.

या भूमितीतून वाट काढण्याचे प्रयत्न मात्र फार कल्पक झाले आहेत. आयबीएमने १९९५ मध्ये आणलेल्या थिंकपॅड ७०१ या संगणकाचा कळफलक दोन तुकड्यांत विभागलेला होता आणि झाकण उघडताच ते तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे सरकून यंत्राच्या दोन्ही कडांबाहेर पसरत असत. ब्रिटनच्या सायन कंपनीच्या १९९७ सालच्या ‘सीरीज ५’ मध्ये झाकण उघडताना कळफलक पुढे सरकत असे, त्यामुळे पडद्याला मागे आधार मिळे आणि साडेतीनशे ग्रॅमच्या यंत्रावर दोन्ही हातांनी मजकूर लिहिता येई. तोशिबाने १९९६ मध्ये जपानमध्ये आणलेला ८४० ग्रॅमचा ‘लिब्रेटो २०’ मात्र सरळ कळा लहान करून मोकळा झाला होता. पहिल्या दोन यंत्रांनी बंद असतानाचा आकार आणि उघडल्यावरचा आकार वेगळे ठेवले, तर तिसऱ्याने दोन्ही एकच ठेवून त्याचा भार बोटांवर टाकला. आजही नव्या छोट्या संगणकाकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा की, उघडल्यावर हे यंत्र हाताला जागा करून देते की हातालाच आकसायला लावते.

कळांतर मोजण्यासाठी विशेष साधन लागत नाही. ए या कळेच्या मध्यापासून एल या कळेच्या मध्यापर्यंत आठ कळांतरे असतात. हे अंतर पट्टीने मोजून आठने भागले की उत्तर मिळते. पूर्ण आकाराच्या कळफलकावर ते १५२ मिलिमीटर भरते. अंतर १४० च्या पुढे असेल, म्हणजे कळांतर साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास असेल, तर हात थोड्या दिवसांत बसतो. ते १३० च्या जवळ आले तर बोटे जुळवून घेतात, पण वेग उतरतो आणि चुका वाढतात. ते १२० च्याही खाली गेले तर दहा बोटांनी लिहिण्याचा विचार सोडून दोन बोटांनी किंवा अंगठ्यांनी लिहिण्याची तयारी ठेवावी. हाताच्या ठेवणीनुसार या सीमा थोड्या मागेपुढे होतील, पण पट्टीने केलेले मोजमाप जाहिरातीतील विशेषणांपेक्षा केव्हाही भरवशाचे असते.

मराठी लिहिणाऱ्यासाठी एक जादा कसोटी

छोट्या यंत्रांची परीक्षणे बहुधा इंग्रजी लिहिणारे लोक करतात, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याच्या वाट्याला येणारी एक अडचण त्यांत सापडत नाही. जागा वाचवायची वेळ आली की निर्माते प्रथम मुळाक्षरांच्या कळा जपतात आणि उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळा अर्ध्या करतात, खालच्या ओळीत ढकलतात किंवा एफएन या साहाय्यक कळेमागे लपवतात. इंग्रजीत अर्धविराम आणि चौकटी कंस क्वचित लागत असल्याने ही काटकसर तेथे खपून जाते. भारतीय भाषांसाठी प्रमाण मानलेल्या इन्स्क्रिप्ट कळरचनेत मात्र याच कळांवर मराठीची रोजची अक्षरे आहेत: अर्धविरामाच्या कळेवर च, अवतरणचिन्हाच्या कळेवर ट, डाव्या चौकटी कंसावर ड आणि तिरप्या रेघेच्या कळेवर य.

‘चौकट’ हा साधा शब्द घेतला तरी हे स्पष्ट होते. त्यासाठी चार कळा दाबाव्या लागतात आणि त्यांतील पहिली व शेवटची, म्हणजे च आणि ट, उजव्या कडेच्या त्याच आक्रसलेल्या पट्ट्यात येतात. त्या जागच्या हलवल्या असतील तर उजवी करंगळी नेहमीच्या ठिकाणी जाते आणि तेथे तिला एंटरची कळ भेटते, परिणामी शब्दाच्या मध्येच ओळ तुटते. शिफ्टचेही तसेच आहे. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ण, ळ, श, ष ही सारी व्यंजने आणि अ, आ, इ यांसारखे स्वतंत्र स्वर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून येतात, त्यामुळे इंग्रजी वाक्यात एकदोनदा लागणारी ही कळ मराठी वाक्यात दर दोनतीन शब्दांनी लागते. असूसच्या २००७ सालच्या ‘ई पीसी ७०१’ वर उजवी शिफ्ट वरच्या बाणाच्या कळेच्याही पलीकडे नेऊन ठेवलेली होती; अशा रचनेवर ‘ठिकाण’ शब्दातील ण लिहिताना करंगळी बाणावर पडते आणि लेखनबिंदू वरच्या ओळीत उडी मारतो.

उच्चारानुसारी, म्हणजे रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणारी पद्धत वापरणाऱ्यांना हा त्रास बराच कमी होतो, पण एका अक्षरासाठी त्यांना अनेकदा दोनतीन कळा दाबाव्या लागत असल्याने लहान कळांवरील एकूण श्रम वाढतात. म्हणून मराठीत काम करणाऱ्या खरेदीदाराने यंत्र हाती घेताच आपल्या नेहमीच्या पद्धतीने निदान एक पूर्ण परिच्छेद लिहून पाहावा आणि त्यात च, ट, ड, य, ठ, ण, ळ ही अक्षरे मुद्दाम आणावीत. यंत्र दुरून मागवायचे असेल तर कळफलकाचे स्पष्ट छायाचित्र मिळवून वर सांगितलेल्या चार कळा आणि दोन्ही शिफ्ट नेमक्या कोठे आहेत, हे तरी तपासावे.

डोळ्याचे माप

पडद्याच्या बाबतीत विक्रेते पिक्सेलची संख्या सांगतात, परंतु वाचणाऱ्याला पिक्सेल दिसत नाहीत, अक्षरे दिसतात. कामाच्या सोयीचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांत अक्षराची उंची डोळ्याशी होणाऱ्या कोनात मोजतात आणि निवांत वाचनासाठी ती २० ते २२ कला, म्हणजे एका अंशाचा सुमारे तिसरा भाग, असावी असे मानतात. १६ कलांच्या खाली जाऊ नये अशी त्यांची अपेक्षा असते. मांडीवरचे यंत्र साधारण ४० सेंटीमीटरवर असते, आणि त्या अंतरावर २० कला म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर, तर १६ कला म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर उंचीचे इंग्रजी मोठे अक्षर.

आता वर उल्लेखिलेल्या सात इंची पॉकेटचा पडदा घेतला, तर त्यावर आडवे १९२० आणि उभे १२०० पिक्सेल आहेत, म्हणजे एका इंचात सुमारे ३२३. कार्यप्रणालीचा मजकूर न वाढवता ठेवला तर मोठ्या अक्षराची उंची पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. प्रमाण २०० टक्के केले तरी ती दीड मिलिमीटरच्या आत राहते, आणि ३०० टक्के केल्यावर कोठे दोन मिलिमीटरपर्यंत पोचते. ३०० टक्के प्रमाण याचा अर्थ असा की, त्या पडद्यावर प्रत्यक्षात ६४० बाय ४०० पिक्सेलच्या पडद्यावर मावेल एवढाच मजकूर मावतो. आणि १९९६ च्या लिब्रेटोचा पडदा ६४० बाय ४८० पिक्सेलचा होता. मधल्या वीस वर्षांत अक्षरांच्या कडा कितीतरी रेखीव झाल्या, पण निवांतपणे वाचता येणारा मजकूर वाढला नाही, कारण तो पिक्सेलवर अवलंबून नसून पडद्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. सोनीच्या २००९ सालच्या आठ इंची ‘वायो पी’ मध्ये १६०० बाय ७६८ पिक्सेल दाटीने बसवलेले होते, आणि त्याचे रूप कितीही देखणे असले तरी त्यावरील बारीक अक्षरे वाचताना डोळे ताणावे लागत.

देवनागरीला याहून थोडी अधिक जागा लागते. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार व रकार येत असल्याने ओळींत जास्त अंतर ठेवावे लागते, आणि ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे ओळखू येण्यासाठी अक्षर मोठे करावे लागते. परिणामी त्याच पडद्यावर इंग्रजीपेक्षा मराठीच्या ओळी कमी बसतात. चाळिशी लागलेल्या वाचकाला तर यंत्र जवळ ओढण्याचा उपायही उरत नाही, कारण जवळचे दिसण्यातच त्याची अडचण असते. अशा वाचकाने दहा इंचांहून लहान पडद्याचा विचार केवळ अधूनमधूनच्या कामासाठी करावा.

आकार घटताना काय किती घटते

बॅटरी आणि उष्णता यांचा हिशेबही भूमितीचाच आहे. एखाद्या यंत्राची लांबी, रुंदी आणि जाडी निम्मी केली तर त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चतुर्थांश होते आणि आतली जागा मात्र एक अष्टमांश होते. पडदा क्षेत्रफळाच्या प्रमाणात वीज खातो, म्हणून त्याची गरज चतुर्थांश होते. प्रोसेसरचे काम तेवढेच असल्याने त्याची गरज आपोआप घटत नाही. आणि बॅटरी मात्र आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून छोट्या यंत्रात सर्वांत मोठी तूट नेहमी बॅटरीची असते, आणि ती भरून काढण्यासाठी मंद प्रोसेसर निवडावा लागतो किंवा एका चार्जिंगवर कमी तास काम होईल हे मान्य करावे लागते.

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी. एक वॅट-तास म्हणजे एक वॅट वीज खाणारे यंत्र एक तास चालवण्याएवढी ऊर्जा. ३० वॅट-तासांची बॅटरी ६ वॅट खाणाऱ्या यंत्राला पाच तास पुरते, पण तेच यंत्र चित्रफितींच्या संकलनासारख्या कामात १२ वॅट खाऊ लागले की अडीच तासांत संपते. प्रवासात जोडीला पॉवरबँक ठेवायची असेल तर विमानात ती हातसामानातच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

उष्णता बाहेर टाकायची तर तिला पृष्ठभाग हवा, आणि तोच कमी झालेला असतो. यावर निर्माते दोन उपाय करतात: पंखा बसवतात, जो लहान असल्याने वेगाने फिरतो आणि कर्कश वाजतो, किंवा तापमान वाढताच प्रोसेसरचा वेग उतरवतात, त्यामुळे पहिली काही मिनिटे चपळ वाटलेले यंत्र पुढे रेंगाळू लागते. अनेक निर्माते आपल्या यंत्रासाठी सभोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते, म्हणून अशा गावी उन्हाळ्यात फिरतीचे काम करणाऱ्याने अतिलहान यंत्राच्या गतीवर भिस्त ठेवू नये, आणि यंत्राची परीक्षा निदान अर्धा तास सलग कामाने घ्यावी.

वजन यंत्राचे नव्हे, पिशवीचे

जागा कमी झाली की जोडण्यांची छिद्रेही कमी होतात आणि ती उणीव बाहेरच्या वस्तूंनी भरावी लागते. समजा, ५०० ग्रॅमचा एक संगणक घेतला. त्याला १५० ग्रॅमचा चार्जर, ८० ग्रॅमची अनेक जोडण्यांची डबी, ७० ग्रॅमचा माऊस आणि लिहिण्यासाठी २०० ग्रॅमचा घडीचा कळफलक लागला, तर पिशवीत एक किलोग्रॅम भरतो. ॲपलचे २०१५ सालचे बारा इंची मॅकबुक पूर्ण कळांतरासह ९२० ग्रॅमचे होते. अर्थात त्यालाही हेडफोनचे छिद्र सोडले तर एकच छिद्र होते आणि त्याच्या अतिपातळ कळांविषयी इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला २०१८ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे व्हायचे नसेल, तर यंत्रासोबत रोज काय काय न्यावे लागेल याची यादी करून तराजूवर एकूण वजन पाहावे. ज्या यंत्राला मोबाइलचाच चार्जर चालतो, ते त्याच किमतीच्या दुसऱ्या यंत्रापेक्षा श्रेयस्कर समजावे.

मेजावर ठेवायच्या छोट्या संगणकपेट्यांनाही हाच न्याय लागू पडतो. इंटेलची २०१५ सालची ‘कॉम्प्युट स्टिक’ दूरचित्रवाणी संचाच्या छिद्रात थेट बसत असे, पण तिला वेगळी वीजजोडणी लागे आणि पूर्ण आकाराचे यूएसबी छिद्र एकच होते, त्यामुळे कळफलक आणि माऊस जोडण्यासाठीसुद्धा आणखी एक वस्तू घ्यावी लागे. ॲपलने २०२४ मध्ये मॅक मिनीची बाजू १२.७ सेंटीमीटरवर आणली तेव्हा वीज चालू करण्याचे बटण पेटीच्या तळाला गेले. हे बटण रोज लागत नाही म्हणून ती गैरसोय सोसण्याजोगी आहे. तेच छिद्रांच्या बाबतीत झाले असते तर सोसली नसती. कोणती गैरसोय किती वेळा भोगावी लागेल, हे मोजणे म्हणजेच तडजोडीचे मूल्यमापन होय.

लहानपण कोठे शोभते

यावरून लहान यंत्रे निरुपयोगी असतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ह्यूलेट-पॅकार्डचा १९९४ सालचा ‘२०० एलएक्स’ हा तळहातावरचा संगणक दोन साध्या पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालत असे आणि हिशेब, टिपणे व वेळापत्रक या तीन कामांसाठी लोक तो वर्षानुवर्षे वापरत राहिले. जीपीडीच्या २०१९ सालच्या सहा इंची ‘मायक्रोपीसी’ मध्ये जाळ्याच्या केबलचे आणि जुन्या धाटणीच्या सिरियल जोडणीचे छिद्र मुद्दाम ठेवलेले होते, स्पर्शफलक उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि त्याची बटणे डाव्या कोपऱ्यात होती, जेणेकरून तंत्रज्ञाने उभ्याउभ्या, दोन्ही हातांत धरून, अंगठ्यांनी एखाद्या यंत्रणेची मांडणी दुरुस्त करावी. सर्व्हरच्या खोलीत मेजच नसते, काम दहा मिनिटांचे असते आणि लिहायच्या आज्ञा चारसहा असतात. तेथे हे यंत्र पूर्ण आकाराच्या संगणकापेक्षा सरस ठरते. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या प्रकल्पाच्या यंत्राचा रबरी कळफलक मुलांच्या बोटांसाठी बेतलेला होता आणि भारतातील त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत झाला. प्रौढांना अडचणीचा वाटणारा तो कळफलक मुलांसाठी योग्य मापाचा होता.

याउलट ई पीसीचा इतिहास सर्वसाधारण वापराचा धडा देतो. सात इंची पडद्याचे ते यंत्र स्वस्त आणि हलके असल्याने जगभर गाजले, परंतु ८०० पिक्सेल रुंदीत संकेतस्थळे मावत नव्हती आणि कळा दाटीच्या होत्या; म्हणून वर्षभराच्या आतच त्याच कंपनीने ८.९ आणि मग १० इंची यंत्रे आणली, आणि सॅमसंगने २००८ मध्ये ‘एनसी १०’ वर पूर्ण आकाराच्या ९३ टक्के मापाचा कळफलक बसवला. पुढे अशा स्वस्त, छोट्या संगणकांच्या संपूर्ण वर्गाचा मुक्काम दहा इंचांच्या आसपासच राहिला, कारण सर्व प्रकारचे काम करायचे असेल तर हात आणि डोळा यांची किमान गरज तेथे कशीबशी भागते.

निर्णयाची पद्धत

निर्णय घेताना प्रथम आठवड्यातील सर्वांत लांब सलग काम कोणते, ते लिहून काढावे. सर्वांत वारंवार होणारे काम नव्हे, तर सर्वांत लांब. ते पंधरा मिनिटांच्या आत संपणारे आणि उभ्याने होणारे असेल तर सहा-सात इंची, अंगठ्यांनी वापरायचे यंत्र चालेल. ते अर्ध्या-पाऊण तासाचे असेल आणि मुख्यतः वाचन, उत्तरे व किरकोळ दुरुस्त्या यांचे असेल, तर आठ-नऊ इंचांचा विचार करावा. ते तासाभराहून अधिक लेखनाचे असेल तर दहा इंचांच्या खाली जाऊ नये, आणि साधत असेल तर बारा इंच घ्यावे. घरी मोठा पडदा व कळफलक जोडून काम होणार असेल तर लहान यंत्राचे दोष निम्मे होतात, परंतु मग हा खर्चही त्याच्याच किमतीत धरावा.

यानंतर इच्छित यंत्राच्या मापाचा पुठ्ठा कापून तो तीन दिवस नेहमीच्या पिशवीत वागवावा आणि एसटीच्या आसनावर, लोकलमध्ये किंवा कार्यालयाच्या मेजावर तो कोठे ठेवला जातो, हे पाहावे. बहुतेकांना असे आढळेल की, सात इंची पुठ्ठाही शर्टाच्या खिशात मावत नाही. तो पिशवीतच जातो, आणि पिशवीत सात इंच व दहा इंच यांत फारसा फरक पडत नाही. आकाराचा खरा लाभ यंत्र एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पिशवीतून खिशात, गेले तरच मिळतो. तसे होत नसेल तर गमावलेल्या सोयीच्या बदल्यात हाती काही येत नाही. शेवटी दुरुस्तीची चौकशी करावी, कारण अशा यंत्रांत स्मृती बहुधा मुख्य पाटीवर कायमची जोडलेली असते, बॅटरी त्या एका प्रतिरूपापुरतीच बनवलेली असते आणि लहान निर्मात्यांचे सेवा केंद्र जवळपास असेलच असे नाही. म्हणून स्मृती आरंभीच पुरेशी घ्यावी आणि बदली बॅटरी कोठे मिळेल हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पट्टी, पुठ्ठा, तराजू आणि मराठीतला एक परिच्छेद एवढ्या साहित्यानिशी ही सारी परीक्षा जवळजवळ विनाखर्च होते. ज्या यंत्रावर हात आखडत नाही, डोळा ताणत नाही आणि जे खरोखर रोज सोबत नेले जाते, तेच यंत्र त्या माणसासाठी योग्य आकाराचे असते. वाचकाने या तीन कसोट्या पूर्ण झाल्याशिवाय निव्वळ लहानपणासाठी एक रुपयाही जादा मोजू नये.